ताई, उद्या तुझं शटर उघडतंय

प्रिय ताई,

परवाची भाऊबीज तुझ्याशिवाय गेली. तुझ्या भावजयीने, वसुधाने, सवयीने दोन पाट मांडले आणि मग एक गुपचूप उचलून ठेवला. पण उद्या लाभपाचम, आणि तुझ्या दुकानाचं शटर उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने वर जाणार आहे. हे तुला गल्लीतल्या लोकांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितोय.

रागावलीस ना? रागाव. दवाखान्यात माझा हात धरून तू म्हणालीस, "दुकान परकाना हातमा देऊ नको." घरात तुझी अहिराणीच चालायची. हुकूमही अहिराणीतच सुटायचा. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

दाजी गेल्यावर सुरतेच्या भागळ बाजारामागच्या त्या गल्लीत, फॉल-पिकोच्या एका मशीनवर तू उभी राहिलीस. मी कधी आलो की गिऱ्हाइकांना सांगायचीस, "मन्हा भाऊ पेपरमा लिखस, पन त्याले साडीमधलं काईच समजत नई." बायका हसायच्या. मी चहा पिऊन पळ काढायचो!

तू गेलीस आणि मी कुलूप लावलं. वाटलं, शब्द पाळला. पण ताई, बंद शटर एकटं बंद राहत नाही गं. आपल्या गल्लीत आधीच निम्मी दुकानं बंद होती. कोणी रिंग रोडच्या मोठ्या मार्केटात गेलं, कोणाची मुलं नोकरीला लागली. तुझं बंद झालं तशा फॉल लावायला येणाऱ्या बायका थांबल्या. त्या थांबल्या तशी शेजारच्या रमणभाईंच्या भांड्यांकडे वळून बघणारीही राहिली नाही.

एक दिवस रमणभाईंनी मला ओट्यावर बसवलं. म्हणाले, "पत्रकार, तुमचं शटर उघडत नसेल तर या दिवाळीला मीपण चावी फिरवतो."

"तुमचा बाजूचा गाळा इतकी वर्षं रिकामा आहे, तो का नाही देत कोणाला?" मी विचारलं.

"भाडूत बेठो ते बेठो ज!" म्हणजे एकदा बसला की उठायचा नाही. गल्लीतल्या प्रत्येक मालकाच्या पोटात हीच भीती. म्हणून सगळे गाळे जपून ठेवलेले, आणि जपता जपता गल्ली मरायला टेकलेली. तुझ्या शब्दापायी मीही त्यांच्यातलाच एक झालो होतो की नाही?

मग सुरतेचीच रीत कामाला आली. इथे दिवाळीला मिटलेलं दुकान लाभपाचमेला उघडतं. तर दुकान लाभपाचम ते लाभपाचमच द्यायचं. दिवाळीला मालक-भाडेकरूंनी समोरासमोर बसायचं, जमलं तर पुन्हा मुहूर्त, नाही तर राम राम. हे मी रमणभाईंसमोर मांडलं. ते म्हणाले, "पहेलां तमे." आधी तुम्ही!

तुझ्या जागी वर्षा येतेय. सुरतेच्या टोकाला कोसाडला राहते, घरी बसून साड्यांना लेस लावते, माहेर अमळनेरचं. दुकान बघायला आली तेव्हा तुझ्या मशीनवरून हात फिरवून म्हणाली, "तेल मांगी राह्यनी ही." अगदी तुझाच सूर!

पण परकी ती परकीच, असं तू म्हणशील. इथेच तुला पकडतो. दर पाचमेला गल्लीतल्या प्रत्येक दुकानाची बोणी, म्हणजे पहिली खरेदी, शेजाऱ्यानेच करायची, हा दंडक कोणाचा? तुझा. तो नवा चहावाला आला तेव्हा रमणभाई कुरकुरले, बाहेरचा माणूस म्हणाले. तू सगळ्यांत आधी जाऊन चहा घेतलास आणि त्यांना सुनावलंस, "ज्यानी बोणी आपन करी, तो परका कसाना?" विसरलीस? रमणभाई विसरलेले नाहीत. परवा त्यांनीच मला हे ऐकवलं, आणि स्वतःच्या रिकाम्या गाळ्याची चावी शोधायला आत गेले. सापडायला वेळ लागला, पण सापडली.

उद्या सकाळी उंबऱ्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, वर्षा काढेल. आणि बोणी मी करणार आहे.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला मी दिलेली मोरपंखी साडी आठवते? साऱ्या भागळच्या साड्यांना फॉल लावलेस आणि ती तशीच ठेवून गेलीस. कधी विचारलं की, "घरनं काम मांगे." घरचं काम मागे! कपाटातून ती काढली आहे, पिशवीत घातली आहे. वर्षाच्या हातचं पहिलं काम तेच. नेसेल वसुधा. "मन्ही साडीवर डोळा ठेवू नको व," असं तिला नेहमी दटावायचीस ना? आता ठेवू दे.

माझा तुला नवा शब्द: दर लाभपाचमेला त्या गल्लीत जे शटर नव्याने उघडेल, तिथली पहिली वस्तू आपल्या घरात येईल. भांडं असो, बटण असो, मला त्यातलं काही समजो न समजो.

तुझा,
साडीतलं काईच न समजणारा भाऊ