ओट्यावरचा सेन्सर

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तू, वहिनी आणि पोरी मजेत असाल असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस.

आईने माझा सेन्सर घासला. समुद्राच्या पाण्याची आम्लता मोजायचा. तुला शंभरदा सांगितलंय, पुन्हा सांगते: त्याच्या टोकाला रंगद्रव्याचा टिकलीएवढा ठिपका असतो. त्यावर निळा प्रकाश टाकला की तो चमकतो, आणि चमक किती त्यावरून पाणी किती आम्ल झालंय ते कळतं. नवा ठिपका आधी खाऱ्या पाण्यात भिजवावा लागतो. सकाळी थेट बोटीवर जायचं होतं, म्हणून बरणीत घालून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. अंघोळ करून बाहेर येते तर आई घासणी घेऊन उभी!

"केवढा चिवट डाग गं! पण काढला बघ."

लख्ख काढला होता. नुसती काच उरली होती. बोट माझ्याशिवाय गेली. शिंपल्यांची पिल्लं वाढवणारे लोक पाण्याच्या आकड्यांसाठी ताटकळले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली.

घरी येऊन मी आईवर ओरडले. खूप ओरडले. ती म्हणाली, "रागावू नका हो बाई. माझी मुलगी अशीच कामं करते. तिला सांगते, ती नीट करून देईल."

मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

आईला माझ्याकडे सोडताना "दोन आठवडे हवापालट," म्हणाला होतास ना? मग बॅगेत स्वेटरही, रेनकोटही आणि तिची उशीसुद्धा? आणि वहिनीने प्रत्येक कपड्याला आतून माझा फोन नंबर शिवलाय. छान टाके घातलेत, सांग तिला. अरे, एवढं शिवत बसण्यापेक्षा तोंडाने दोन वाक्यं बोलता आली नसती? मी काय नाही म्हणणार होते?

तिला परत पाठवत नाहीये, घाबरू नकोस. शेजारच्या काकू दुपारी बसतात तिच्याजवळ. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मला तुझ्याकडून मदत नको, सल्ला तर मुळीच नको.

फक्त ये. ती तुझं नाव दिवसभर घेते, माझं घेत नाही. मला त्याचाही राग येतो, कुणाला सांगू? तुझंही विसरेल, त्याआधी ये. दारात उभा राहा आणि तिला हाक मारू दे.

तुझी, आणि ती काहीही म्हणो, तिचीही,
धाकटी