तेलाच्या घड्याळाचा काटा

आबा,

तुमच्या उजव्या हाताची बोटं मोडली तो आवाज मला अजून कोणाला नीट सांगता आलेला नाही. फौजदारापुढे मी म्हटलं होतं, सुकी काटकी मोडावी तसा. तो तसा नव्हता. शेवग्याची ओली शेंग मोडताना येतो तसा होता, आतला धागा न तुटता. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. काल एका डॉक्टरांच्या जुन्या मोटारीचं विजेचं घड्याळ माझ्याकडे आलं. काटा मध्येच थरथरत होता. मागचा स्क्रू खाऱ्या हवेने हिरवा पडला होता, तो घासून पुसला तेव्हा काटा जागेवर आला. एवढंच काम होतं. पण झाकण लावताना तो आवाज आला, आणि आज हे लिहायला बसले.

मोटारीत चालवणाऱ्यासमोरच्या फळीवर जेवढ्या तबकड्या असतात त्या सगळ्यांना आपल्याकडे घड्याळच म्हणायचे, म्हणून तर लोक त्या तुमच्याकडे घेऊन आले. अख्ख्या अलिबागेत घड्याळजी तुम्ही एकटे. वेगाचं घड्याळ, विजेचं घड्याळ, तेलाचं घड्याळ. वेळ सांगणारं त्यात एकही नव्हतं, तरी तुम्ही ते भिंग लावून उघडायचे आणि आत काय आहे ते मला दाखवायचे. तेलाच्या घड्याळात चंद्रकोरीसारखी वाकवलेली चपटी पितळी नळी असते. इंजिनातून दाबाने तेल आलं की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या ओढीने काटा चढतो. तबकड्यांवरचे आकडे मी असेच शिकले, आणि मुंबईहून सामान ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचं त्यांवरून अक्षरं. शाळेत तुम्ही घातलं नाहीत, पण ती रद्दी कधी चुलीत जाऊ दिली नाहीत.

मी दहा वर्षांची असेन. ओटीवर तुमच्यासमोर वेगाचं घड्याळ उघडं पडलंय, काटा अडकलाय, आणि मी तो नखाने पुढे ढकलते. तुम्ही पक्कड उचलून माझ्या बोटांच्या पेरांवर मारता. कातडं फाटतं. आई आतून धावत येते आणि तुम्ही तिलाही ढकलता, ती उंबऱ्यावर पडते. मग तुम्हीच माझ्या बोटांना चिंधी बांधायला बसता आणि बांधता बांधता विचारता, "काटा ढकललास की मोटार पळायला लागते का गं? तो अडला की मागे जाऊन बघायचं, का अडला ते." गाठ तुमच्या हातून दोनदा सुटली. मला वाटलं रागाने. आता वाटतं, तुम्हीच घाबरला होतात.

तुमचे जावई रेवदंड्याचे. त्यांच्या घरचे सगळे गलबतावर खलाशी, आणि थोरला भाऊ खाडीच्या तोंडाशीच बुडालेला. हे मोटार चालवायला शिकले म्हणून मी लग्नाला तयार झाले, हे तुम्हाला माहीत होतं. पाण्यात बुडणार नाही असा नवरा मला हवा होता. हे ज्या मालकाकडे नोकरीला होते त्याची मोटार मुंबईत पंधरा वर्षं धावून मग इकडे आलेली. आई गेल्यापासून आम्ही तुमच्याकडेच राहायचो, आणि हे अलिबागेहून उतारू घेऊन धरमतरला आगबोटीवर सोडायचे. खिंड चढताना तेलाचा काटा खाली यायचा आणि हे मोटार थांबवायचे, इंजिन निवू द्यायचे, तेल घालायचे. एका आठवड्यात दोनदा उतारूंची बोट चुकली. दुसऱ्यांदा मालकाने भर बाजारात ह्यांना चपलेने मारलं. घरी आले तेव्हा कानातून रक्त येत होतं आणि हे हसत होते. म्हणाले, "मालकाची चप्पल झिजलीय गं. तिलाबी तेल घालाया पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक ओटीवर आला. एका हातात फळीवरून काढून आणलेलं तेलाचं घड्याळ, दुसऱ्यात मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल.

"घड्याळजी, हे खोटं बोलतंय. नीट कर."

तुम्ही सायकलचा पंप मागवलात, त्याची नळी घड्याळाला जोडलीत आणि हवा भरलीत. काटा सरळ वर गेला आणि तिथेच राहिला. तुम्ही म्हणालात, "घड्याळ ठणठणीत आहे, मालक. इंजिन आतून झिजलंय. महिनाभर मोटार उभी करा, मुंबईला धाडून दुरुस्त करून आणा."

"महिनाभर? आनि उतारू काय तुज्या खांद्यावर बसवून न्यायचे?"

"नेईन की. फक्त तुम्ही बसू नका, मोटारीचे टायर बसतात तुमच्याने."

समोरच्या दुकानातली माणसं हसली. तुम्हाला हा चिमटा काढल्याशिवाय राहवलं नाही, आबा, आणि ती माणसं हसली नसती तर कदाचित तो शिव्या देऊन गेला असता. त्याने तुमचं मनगट पाटावर दाबलं आणि हँडल घातलं. तीनदा. पहिल्या घावाला भिंग फुटलं, दुसऱ्याला बोटं. तिसऱ्या वेळी तुम्ही ओरडलासुद्धा नाहीत. हसणारी माणसं उठून आत गेली. मी दारात उभी होते आणि माझ्या हातात चुलीतलं जळकं लाकूड होतं. ते मी त्याच्या तोंडावर घातलं नाही. रोज घालते, मनात.

मग तो घामाघूम होऊन पायरीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं. मी दिलं. भांडं तोंडाला लावून तो म्हणाला, "काटा वर दिसला पायजे. न्हायतर उद्यापास्नं तुजा नवरा गलबतावर." तुम्ही हात मांडीवर घेऊन बसला होतात, म्हणालात, "नाही." शेजारच्यांनी तुम्हाला उचलून दवाखान्यात नेलं. मागे घड्याळ, मालक आणि मी राहिलो. मी चिमट्याने काटा उपसला आणि दोन रेघा पुढे बसवला. तेलाचा दाब उतरला तरी तो आता मध्यावर दिसणार होता. मालकाने ते उचललं आणि निघून गेला.

संध्याकाळी ह्यांनी दवाखान्यात तुमचा हात पाहिला आणि घरी येऊन कोयता घेऊन निघाले. मी दार अडवलं. त्यांनी मला भिंतीवर लोटलं, डोकं आपटलं, तरी मी धरलेले त्यांचे पाय सोडले नाहीत. नोकरी राहू दे, म्हटलं, घड्याळ नीट झालंय, समुद्रावर जाऊ नका. माझ्या डोक्याला खोक पडलेली पाहून ते खाली बसले आणि कोयता त्यांनी मला दिला.

तिसऱ्या दिवशी खिंडीच्या उतारावर तेलावाचून इंजिन जागच्या जागी धरलं, फिरेनासं झालं. मागची चाकं आवळली, मोटार आडवी घसरत कातळावर गेली. एका उतारू बाईचा हात खांद्यातून निखळला. ह्यांच्या छातीत सुकाणूचं चाक रुतलं होतं. बैलगाडीतून आणले तेव्हा तोंडावर तेल होतं, काळं, आणि ते पुसायला मला कोणी पुढे जाऊ दिलं नाही. रेवदंड्याच्या बायकांनी माझ्या बांगड्या दगडाने फोडल्या, त्यात मनगट कापलं. मला ते बरं वाटलं.

चौकीवर फौजदाराने ते घड्याळ तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही डाव्या हाताने झाकण काढून बराच वेळ पाहिलंत. काट्याच्या मुळाशी माझ्या चिमट्याचा ओरखडा होता. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "काटा मी बसवला," म्हणालात. त्याने विचारलं, "ह्या हाताने?" तुम्ही म्हणालात, "हात मोडायच्या आधी." दोष तुमच्यावर गेला आणि मालक सुटला; मोडका हात बघून फौजदाराने तुम्हालाही घरी धाडलं. ह्यांचे भाऊबंद आले, त्यांनी ओटीवरची सगळी घड्याळं रस्त्यावर आपटली आणि तुम्हाला जावई खाल्लेला म्हणत लाथा घातल्या. तुम्ही त्याच रक्ताळलेल्या तोंडाने आत आलात आणि मला म्हणालात, "भात टाक."

पुढे दोन वर्षं तुम्ही मला कामं सांगत गेलात आणि मी तुमच्या बोटांच्या जागी बोटं चालवली. त्याच कामावर आज मी जगते. एकदा, मी रडत असताना, तुम्ही म्हणालात, "जावयाच्या लक्षात आलं नसेल गं. बंद मोटारीत काटा कोण बघतो." तुम्हाला वाटलं, मला त्याने बरं वाटेल.

त्यांनी बघितला होता, आबा. शेवटच्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "मोटार बंद हाय तरी काटा खाली येत न्हाय. दोन रेघा वरच ऱ्हातो. आबांनी बघितलाय ना?" मी म्हटलं, "त्यांनीच बसवलाय. हात मोडायच्या आधी." ते म्हणाले, "मग झालं," आणि चहा संपवून उठले.

फौजदाराला तुम्ही तेच शब्द सांगितलेत तेव्हा मला वाटलं, तुम्ही दाराआडून ऐकलं होतं. पण त्या सकाळी तुम्ही तर दवाखान्यात होतात. हे पत्र टाकायला जागा नाही, ते इथेच राहील. जागा होती तेव्हा तुम्ही दोन वर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होतात, आणि मी हे सांगितलं नाही.