डावीकडचं स्टिअरिंग

सँट्री, डब्लिन
५ ऑक्टोबर २०२५

सौ. सुचित्रास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण माझे आशीर्वाद तू कधी मनावर घेतले नाहीस, म्हणून नुसती आठवण. इकडे अमोघ आणि सूनबाई मजेत. आपल्या लेकीचं, अबोलीचं बाळंतपण करायला तू पुण्याला गेलीस, तेव्हापासून फोन लावला की बाळच दाखवत बसतेस, माझं बोलणं राहून जातं. म्हणून कागद.

मोठी बातमी म्हणजे शेजारच्या कॉनरच्या शेडमधली गाडी पुरी झाली. तू जिला ‘प्लास्टिकचं घंगाळ’ म्हणायचीस, तीच. कॉनर सांगतो, पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत धुराचे कायदे आले, तेव्हा मोठ्या गाड्यांच्या इंजिनांना इतक्या नळ्या लावल्या, की अंग म्हशीचं आणि दम शेळीचा. मग हौशी लोक फायबरची बॉडी मागवून घरीच जुन्या, छोट्या बीटल गाडीच्या सांगाड्यावर चढवायचे. कॉनरच्या मामाने तिथे तशी अर्धवट जोडली आणि बोटीने इकडे पाठवली. वरून संस्थानिकाची मोटार, खालून बीटल.

दसऱ्याला मी पूजा केली. बॉनेटला हळदकुंकू, हार, आरती. कॉनर टोपी काढून उभा. सगळं आटोपल्यावर हळूच म्हणाला, “नंदू, इंजिन मागे आहे.” म्हणजे मी निरांजन ओवाळलं ते पेट्रोलच्या टाकीला.

मग मागे पुन्हा पूजा. नारळ चाकापाशी जमिनीवर फोडायचा, तो कॉनरने हौसेने मडगार्डवरच मारला. नारळ शाबूत, मडगार्डला भोक. “ग्रँड,” म्हणाला, “देवाला आत जायला वाट झाली.”

आता तू विचारशील, चालवणार कोण? कॉनरचे गुडघे गेले. अमोघ त्या गाडीत बसायलाच तयार नाही, ऑफिसमधलं कोणी पाहील म्हणतो. आणि मी... ड्रायव्हिंगची परीक्षा ‘बरी झाली’ असं फोनवर म्हणालो होतो ना, तर ती ब्युमॉन्टच्या चौकापर्यंत बरी झाली. पुढे प्रत्येक वळणावर मी हॉर्न दिला, आपली सवय. एक म्हातारा कुत्र्यासकट कुंपणाला चिकटला. परीक्षा घेणारी बाई फार गोड होती. नापास केलं. तू मात्र पहिल्या फटक्यात पास झालीस.

अबोली परवा म्हणाली, आई आता पुण्यातच राहायचं म्हणतेय, तिकडे मला काम काय, असं विचारते. मी ‘बरं’ म्हणालो, आणि शेडमध्ये जाऊन आधीच घट्ट असलेले बोल्ट घट्ट करत बसलो.

तर काम आहे, सुचित्रा. गाडी अमेरिकेची, स्टिअरिंग डावीकडे. आयुष्यभर गाडीत तू माझ्या डावीकडेच बसलीस. आता जागासुद्धा बदलायला नको. सीट तुझ्या उंचीला पुढे ओढून ठेवली आहे, कॉनरलाही हात लावू देत नाही. बारसं आटोपलं की ये. वळणावर मी बोलणार नाही.

तुझ्या उजवीकडे गप्प बसायला तयार असलेला,
नंदकुमार