ऑरिनचा डोळा आणि पिवळं स्टिकर

रविवार, २ मार्च २०१४

तुमच्या वकिलाचं पाकीट शुक्रवारी आलं. जाडजूड, सही करून घ्यायचं. पोस्टमन लेनी ते सगळ्या गल्लीला दिसेल असं धरून दारात उभा होता. सख्ख्या बहिणीच्या पोरावर दावा लावायचा आणि त्या बहिणीला एक ओळ लिहायची नाही, हे कुठल्या चर्चमध्ये शिकलीस, आर्डिस? चाळीस मैलांवर राहतेस. चंद्रावर नाही.

आता रीत म्हणून. चि. सौ. आर्डिस हिला मोठ्या बहिणीचे आशीर्वाद, हवे असले तर. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे कोणी मेलेलं नाही. बर्फ अजून खिडकीला टेकलंय. माझा डावा कान पूर्ण गेला, म्हणून फोन करत बसू नकोस, लिही.

पाकिटावर माझ्या ड्वेनचं नाव आहे, कारण जत्रेच्या मैदानावर मेंढ्यांच्या शेडमध्ये शनिवारचा बाजार भरतो तिथलं टेबल त्याच्या नावावर आहे. पण टेबलामागे बसते मी, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तो हिरव्या किरणाचा लेझर तुझ्या नवऱ्याने, ऑरिनने, ऑक्टोबरात माझ्या हातून नेला. गोठ्यात कबुतरं माजलीत, गवत घाण करतात, असं म्हणाला. मी म्हणाले, हा घेऊन जा, एकदा फिरवलास तर कबुतरं थेट कॅनडात जातील. हसत गेला.

वकील लिहितो की त्याच्यावर धोक्याची सूचना नव्हती. अगं, त्या मालावर पिवळं स्टिकर होतं, बोटाएवढं, बारीक अक्षरांनी भरलेलं. ऑरिन शाळा पूर्ण शिकलेला माणूस. त्याने वाचायला हवं होतं.

त्याच्या डोळ्याचं मला वाईट वाटतं. ते मी दवाखान्यात येऊन सांगितलं, बटाट्याचा डबाही आणला होता. पण माझा पोरगा दर रविवारी दोन्ही वेळा तुमच्या गाईंच्या धारा काढायला येतो आणि तुम्ही त्याच्या घरी नोटीस धाडता. जरा लाज ठेव.

लोभ असला तर असू दे, नसला तर तसं लिही.
लुएला

रविवार, ९ मार्च

ती. लुएला हिस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. ऑरिनला वाचून दाखवलं. वाचायला नको होतं, पण टपाल आलं की तो विचारतो कोणाचं म्हणून, आणि मला खोटं पटकन सुचत नाही.

वकील आमचा नाही. विमा कंपनीचा आहे. दवाखान्याचे कागद त्यांच्याकडे गेले आणि पुढचं सगळं त्यांनीच सुरू केलं. पाकीट ड्वेनला गेलं हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ड्वेन त्या रविवारी आला होता. धारा काढल्या, कॉफी घेतली, गेला.

कसं झालं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून लिहिते. दुपारची वेळ होती. दोन कबुतरं दुधाच्या खोलीत शिरली आणि तुळईवर बसली. ऑरिनने दारातून किरण मारला. हात खाली आला तसा किरण दुधाच्या टाकीच्या झाकणावर पडला. ते झाकण मी रोज घासते, आरशासारखं असतं. तिथून उलटून त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. डावा तर लहानपणीच गवताच्या काडीने गेलेला, तुला माहीत आहे. आवाज नाही, कळ नाही. हिरवं फूल दिसलं म्हणतो. तोंड धुतलं आणि गाईंकडे गेला. जेवायला बसल्यावर मला म्हणाला, की आर्डिस, आज बटाटा वाढला नाहीस का. बटाटा ताटाच्या मधोमध होता. कडेचे वाटाणे त्याला दिसत होते.

अजूनही तसंच आहे. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. माझा चेहरा बघायचा तर तो माझ्या खांद्याकडे बघतो. सुरुवातीला मला वाटायचं मागे कोणी उभं आहे. आता सवय झाली. रडारड वगैरे काही नाही. आम्ही दोघं बसतो, रेडिओ लावतो, बंद करतो.

आता स्टिकरचं. आमच्या लेझरवर स्टिकर नाही. वकिलाच्या माणसाने भिंगातून बघितलं. पण ऑरिन म्हणतो, की लुएला होतं म्हणते म्हणजे होतं, मीच बघितलं नसेल, खिशात घासून गेलं असेल. आपणच वेंधळे, उगाच ड्वेनला कशाला. तो तसं लिहून देणार आहे, की सूचना होती आणि मी वाचली नाही. सोमवारी ३१ तारखेला माणूस सही घ्यायला येणार आहे. मग प्रकरण मिटेल म्हणतात.

त्याने मला बजावलंय की लुएलाला काही विचारायचं नाही. मी विचारते. तू त्याच्या हातात दिलास त्या लेझरवर स्टिकर होतं का?

लोभ आहेच, तो काही डोळ्याबरोबर गेला नाही.
आर्डिस

शुक्रवार, १४ मार्च

सौ. आर्डिस हिला आशीर्वाद. बाकी ख्यालीखुशाली नंतर कधी.

नव्हतं.

आलं तेव्हा होतं. सगळ्या बारा नगांवर होतं. एक सोडून बाकीचं मी सोललं. तुला बाजाराची रीत माहीत नाही, तू गाईंमध्ये राहिलीस. टेबलावरच्या मालाला स्टिकर दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं, कोणीतरी दुकानात परत केलेला माल दिसतो, आणि नाक मुरडतं. म्हणून माल आला की आम्ही पहिल्यांदा स्टिकरं काढतो. केस वाळवायच्या यंत्राने गरम करायचं, नखाने कड उचलायची, उरलेला चिकटा लायटरच्या तेलाने पुसायचा. सव्वीस वर्षं करतेय. बरण्या, नट आवळायचे पाने, खेळणी, सगळ्यांचं. माझ्याएवढं साफ कोणाला जमत नाही. तुमच्या माणसाला भिंगातून काही दिसलं नाही ते त्यामुळे.

त्यावर त्रिकोणात सूर्यासारखं एक चित्र होतं. मला वाटलं, कंपनीची खूण. अक्षरं मी वाचली नाहीत. माझी सहावीपर्यंतची शाळा, ती पण बटाटे काढायचे दिवस सोडून.

अजून आहे. प्रत्येक डब्यात किरणापासून डोळे वाचवायला लाल काचांचा एक चष्मा होता. ते मी काढून पुठ्ठ्यावर टांगले. हरणांचा हंगाम होता, शिकाऱ्यांनी आठवड्यात उचलले. ऑरिनच्या चष्म्यातून कोणीतरी हरीण बघितलं असेल.

एक नग टेबलाखाली डब्यातच राहिला होता, न सोललेला. तुझं पत्र आल्यावर मी तो मार्नीला वाचायला दिला. माझी नात, दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, बारीक अक्षर वाचायची सवय आहे. तिने स्टिकर वाचलं. किरण डोळ्यात किंवा कातडीवर पडू देऊ नका, सरळ आलेला नको आणि कशावरून उलटून आलेलाही नको. मी तिला ते परत वाचायला लावलं. उलटून आलेलाही. मग ती मला म्हणाली, की आजी, तुझं तोंड असं का झालंय. मी म्हणाले, दात दुखतोय. तर तोंड उघड म्हणून मागे लागली.

हे ड्वेनला माहीत नाही. तो माल ट्रकमधून उतरवतो आणि जातो. त्याने वकिलाला सांगितलंय की माल असाच आला. खरं समजूनच सांगितलंय. तिकडे माल मागवून पुरवणारी कंपनी म्हणते, आम्ही सूचना लावूनच पाठवला. तेही खरंच बोलतायत. खोटी मी एकटीच.

तू विचारलंस, मी सांगितलं. ३१ तारखेचं काय करायचं ते आता तू बघ.
लुएला

मंगळवार, १८ मार्च

ती. लुएला हिस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मी ऑरिनला वाचून दाखवलं नाही. कोणाचं म्हणून विचारलं तर बियाण्यांची जाहिरात आहे म्हणाले. शेवटी सुचलं मला खोटं.

तीन दिवस ते पत्र पिठाच्या डब्यामागे आहे. मला राग यायला हवा. मी वाट बघितली. आला नाही. काल टाकीचं झाकण घासत होते आणि पाण्यात हात तसाच राहिला, पाणी गार झालं तेव्हा कळलं.

मला वाटतं, राहू दे. ऑरिनने एकदा ठरवलंय की चूक त्याची. त्याच्या अंगवळणी पडलंय ते. रविवारी ड्वेनला म्हणत होता, की वाचायचा आळस केला रे, भोगतो. ड्वेन म्हणाला, मावशा, एवढं मनावर नको घेऊ. मग दोघं गाईंकडे गेले. ऑरिन हातांनी चाचपून सड शोधतो, ड्वेन मागून यंत्र लावतो. माझ्या मनगटाने आता यंत्र उचलत नाही. आठवडाभर पगारी पोरगा येतो, रविवारी दुसरं कोणी मिळत नाही. ड्वेन यायचा थांबला तर गाई विकाव्या लागतील, लुएला. गाई गेल्यावर ऑरिन दिवसभर कशाकडे बघणार? तो माझा खांदा तरी किती बघेल?

तू बोललीस तर ड्वेनला आमच्या घरात पाय टाकवणार नाही, मी ओळखते त्याला. आणि ऑरिनही मग काय करेल ठाऊक नाही. सही होऊ दे. तुझं पत्र मी जाळते.

इकडे लोभ आहे. तिकडून उत्तर नको.
आर्डिस

मंगळवार, २५ मार्च

सौ. आर्डिस हिला आशीर्वाद. उत्तर नको म्हणालीस, तर हे घे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा आवाज काढून. तू म्हणतेस ते चुकीचं नाही. गाई राहतात, ड्वेनचं टेबल राहतं, मी बाजारात बसते. मी हो म्हणणारच होते. पण तू लिहिलंस की ऑरिन म्हणतो, आळस केला, भोगतो. आळशी माणूस असता तर मी गप्प बसले असते. त्या माणसाने आळस काय ते ऐकलेलंसुद्धा नाही.

शनिवारी बाजारात ड्वेनला सांगितलं. सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी. तो पाने मांडत होता, लहान ते मोठे. मी सांगत होते आणि तो मांडत होता. सगळे मांडून झाल्यावर त्याने विचारलं, की आई, चष्मेही तूच काढलेस? मी हो म्हणाले. मग त्याने पाने परत गोळा केले, मोठे ते लहान, ट्रकमध्ये ठेवले आणि मला घरी सोडलं. दारात म्हणाला, की सोमवारी मीच तुला वकिलाकडे नेतो, गाडी माझी आहे. एवढंच.

काल जाऊन आलो. विमा कंपनीचा तो वकील टाय लावलेला पोरगा आहे, कॉफी पातळ देतो. मी सगळं सांगितलं. एक मुलगी टाइप करत होती. तिने लिहिलं की अजाणतेपणी सूचना निघाली. मी म्हणाले, निघाली नाही, मी काढली, नखाने, तसं लिही. तिने वकिलाकडे बघितलं. मग तसं लिहिलं. मी विचारलं, आता जबाबदार कोण. तो म्हणाला, की एवढ्या ताकदीचा लेझर बाजारात टेबलावर ठेवायचाच नसतो, म्हणून पाठवणारा, विकणारा, सगळे थोडे थोडे, आणि सूचना काढणाऱ्याचा वाटा मोठा. विकणारा म्हणून ड्वेन सुटत नाही, त्याला माहीत नव्हतं तरी. ड्वेन मान हलवत बसला होता. येताना बाजाराच्या कमिटीलाही सांगितलं, त्यांनी टेबल काढून घेतलंय. सव्वीस वर्षं झाली होती. मला काही वाटलं नाही. वाटेल तेव्हा बघू.

म्हणजे आता ऑरिनने सही केली तर तो खोटं लिहून देईल, आणि ते त्याच्याच्याने व्हायचं नाही. म्हणून हे पत्र त्याला वाचून दाखव. माझं आधीचं जाळलं नसशील तर तेही. मधलं गाळू नकोस, माझ्या तोंडचं गोड करू नकोस. तुझा आवाज बदलला की त्याला लगेच कळतं.

मी माफी मागत नाही. माफीने बटाटा दिसत नाही.

ड्वेन म्हणतो, मी रविवारी जायला तयार आहे, पण मावशाने बोलावलं तरच. न बोलावता दारात उभा राहणार नाही. गुरुवारी हे तुला मिळेल, शुक्रवारी टाकलंत तर शनिवारी मला मिळतं.

ड्वेनने यायचं की नाही, एवढंच हवंय. आणि ते ऑरिनने लिहायचं, स्वतःच्या हाताने, जाड काळ्या पेनाने, ओळी वाकड्या गेल्या तरी चालतील. तुझं अक्षर दिसलं तर मी पाकीट न फोडता लेनीकडे परत देईन. तू लिहायचं नाहीस, आर्डिस. ऑरिनने लिहायचं.
लुएला