कुंकू लावलेल्या सीड्या

६ जानेवारी, सोमवार. माधवनगर

दादाची ट्रंक आज माझ्या घरी आली. काळी, लष्करातली, झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. भाच्यानं कडेगावच्या घरातून टेंपोत घालून धाडली. टेंपोवाला म्हणाला, मावशी, आत दगडं भरलीत का. म्हटलं, पिक्चर हायत बाबा, दमानं उतरव.

खुब्याच्या ऑपरेशनपासून दादा साताऱ्यात, लेकाच्या फ्लॅटवर. सगळा दिवस कॉटवर. तिथं ट्रंकेला जागा नाही, सीडी घालायला-काढायला त्याला उठवत नाही, आणि जुना प्लेअर तर कधीच बसला. परवा त्याच्या सुनेचा, वैशालीचा, फोन. "आत्या, मामंजी नुसते छताकडं बघत पडतात. तुम्हाला ते कम्प्युटरचं येतं ना? सगळे पिक्चर एका डबीत घालून द्या. आम्ही टीव्हीला लावू, रिमोट त्यांच्या हातात देऊ."

येतं म्हणजे काय. कुणी शिकवलं नाही. लेकाचा टाकून दिलेला लॅपटॉप, फोनवरचे व्हिडिओ, बाकी पडत-झडत. पण हो म्हणून बसले.

८ जाने., बुध.

सांगलीत जाऊन वरून जोडायचा ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क घेऊन आले. दुकानदार म्हणाला, आजी, हल्ली सीडी कोण बघतं. म्हटलं, ज्याच्याजवळ आहे तो.

पहिली सीडी घातली. घुर्रर्र करून फिरली आणि पट्टी हळूहळू निळी व्हायला लागली. हात जोडावेसे वाटले. एवढासा डबा, दादाची सगळी ट्रंक त्यात मावणार आणि वर जागा उरणार! ज्यानं हे शोधलं त्यानं आईचे पांग फेडले.

दुसरी चरे पडलेली. मध्येच अडली. पुन्हा व्हिडिओ बघितले. एक मुलगा सांगत होता, ड्राइव्हचा वेग कमी करा, मग वाचतो. मला हसू आलं. मागाच्या कारखान्यात, कांडी मशीनवर सूत गुंडाळण्यात सगळी उमर गेली माझी. सूत कच्चं असलं की मशीन दामटायचं नाही, वेग उतरवायचा, हे आम्हाला पोटापाण्यानं शिकवलंय. वेग कमी केला. उतरली.

११ जाने., शनि.

रोज सकाळी एक लावते, भाकऱ्या होतात तोवर निम्मी होते.

नावं काय द्यायची? वरची इंग्रजी नावं आमच्या घरात कुणी घेतलीच नाहीत. दादानं ठेवलेली नावं दिली. "घोडेवाला". "दोन भावांचा". "पोस्टमनचा". "रडका". "रडका मोठा".

लिहिता लिहिता ते अंगण दिसायला लागलं. दादा जिथं पोस्टिंग असेल तिथून सीड्या आणायचा. लोक सुट्टीवर येताना ब्लँकेट आणायचे, रम आणायचे, हा पिक्चर आणायचा. रविवारी टीव्ही खिडकीत बाहेर तोंड करून ठेवायचा आणि सगळी आळी अंगणात. धनगरवाड्यावरची माणसं घोंगडी घेऊन यायची. कुणाला बसायला जागा नसली तर दादा स्वतः उभा. नोकरीतली शिस्त तिथंही: बिडी बाहेर, पोरं पुढं, म्हातारी माणसं भिंतीकडं. आणि कुणी पुढची गोष्ट आधीच सांगितली की त्याला उठवून घरी.

असा माणूस आज छत बघतोय.

१३ जाने. भोगी

वै. (पूर्ण लिहायला हात दुखतो) चा फोन, किती झालं आत्या? म्हटलं, वरचं सगळं उतरलं, तळाचं एक गाठोडं राहिलंय. खाकी कापडात बांधलेलं.

भाजी चुलीवर ठेवून गाठोडं सोडलं. मोजक्याच सीड्या. एक घातली. ड्राइव्ह खरखरला, थांबला. वेग कमी केला, तरी तेच. दुसरी, तेच. काढून उन्हात धरली. चकाकत्या बाजूला कुंकू.

मग उलगडलं. वहिनी होती तेव्हा तिचा नेम होता, घरात नवी वस्तू आली की आधी हळदकुंकू. मिक्सरला, शेगडीला, पोराच्या मोबाईललाही. सीडीलाही लावायची, ते मला ठाऊक होतं. छापल्या बाजूला लाव म्हटलं तर म्हणाली होती, त्याच्यावर परक्या बाप्याचं तोंड असतंय, त्याला मी कुंकू कसं लावू? म्हणून चकाकत्या बाजूला. दादानं त्यातून वाट काढली. भोकाभोवती काचेसारखं साधं कडं असतं, तिथं काही भरलेलं नसतं, तिथं लाव म्हणाला. ट्रंकेतल्या बाकी सगळ्या सीड्यांना ठिपका बरोब्बर तिथंच आहे आणि त्या सगळ्या नीट उतरल्या.

पण शेवटी शेवटी वहिनीला कमी दिसायचं. बोट सरकलं. ठिपका कड्याच्या बाहेर, जिथून मशीन वाचायला लागतं नेमकं तिथं. आणि नुसतं कुंकू नव्हे, खाली मेण. चांगलं धरून बसलंय.

कापूस ओला केला. मग खाली ठेवला. वस्तू माझी नाही. भाजी थोडी लागली.

१५ जाने., बुध.

काल सण, म्हणून आज दादाला फोन. सगळं सांगितलं. म्हटलं ओल्या कापसानं निघंल, सीडीला काही होत नाही, फोटो काढून ठेवते आधी.

मग,

"पुसू नको."

मी म्हटलं, अरे पण पिक्चर...

"मालू, ती सवाष्ण गेली. मी जित्ता हाय अजून. जित्त्या माणसाच्या बायकूचं कुंकू पुसत्यात व्हय?"

नवरा गेल्यावर माझं पुसलं त्या दिवशी अंगणात सगळे उभे होते. तोंड फिरवून लिंबाकडं बघत उभा राहिलेला एकटा दादाच.

गाठोडं बांधून ठेवलं. पण डबी अशीच अर्धवट द्यायची? आणि त्याला तरी ते पिक्चर बघायचेच असतील ना. तिच्या हातचे शेवटचे

(इथं दूधवाला आला.)

१९ जाने., रवि. सातारा

पहाटेची एसटी. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, गाडी गोगलगाय. मांडीवर हार्ड डिस्क, तीन पदरी टॉवेलात; लॅपटॉप आणि ड्राइव्ह पिशवीत. गाठोडंही घेतलं, म्हटलं त्याचं त्याच्याजवळ राहील.

डबी टीव्हीला जोडली तर पडद्यावर नुसते चौकोन. मी मराठीत टाकलेली नावं त्या टीव्हीला वाचताच येईनात. "रडका" पण चौकोन, "घोडेवाला" पण चौकोन. दादा म्हणाला, टीव्ही अंगठेबहाद्दर दिसतोय. वै. आणि मी बसून सगळी नावं इंग्रजी अक्षरांत केली. मग दिसली.

रिमोट दादाच्या हातात. "घोडेवाला" लावला. पहिली धूळ उडाली आणि दादाचा पाय पांघरुणातून हलला, दुखरा नव्हे, दुसरा. "आवाज वाढीव," म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "झकास काम केलंस. एक नंबर." दादाचं "एक नंबर" मला याआधी मिळाल्याचं आठवत नाही. मशीनवर उभ्या राहिलेल्या बाईला एवढं पुष्कळ.

दुपारी वै. ऑफिसचं काम करत आत. दादानं स्वतःच गाठोड्याचं काढलं. म्हणाला, त्या कवाच लागल्या न्हाईत.

म्हटलं, मग वहिनीला काय सांगायचास?

त्यानं सांगितलं ते असं. बोट सरकलंय म्हटलं असतं तर तिला डोळ्यांचं कळलं असतं, रडली असती. म्हणून तो म्हणायचा, प्लेअर तापलाय, निवूदे. तवर ष्टोरी सांगतो, मी बॉर्डरवर बघितलाय. बघितलेला काहीच नव्हता. कव्हरवरचं चित्र बघून रचायचा. वहिनी शेंगा फोडत ऐकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची, कालचाच सांगा. मग तोच पिक्चर तसाच्या तसा सांगायला लागायचा, कारण तिचं ध्यान पक्कं. "काल हीर व्हती, आज तळं कसं झालं?" असं विहिरीवरून धरायची. सैन्यात एवढी झडती कुणी घेतली नाही म्हणे.

दादा हसला. मीही. पुढची गोष्ट कुणी फोडली की घरी धाडणारा माणूस, आणि घरात बसून हा उद्योग! मी त्याच्याकडं नव्यानंच बघत होते.

२० जाने., सोम. सातारा

सकाळी चहाला वै.ला सगळं सांगितलं, कुंकवाचं, पुसू नको म्हणाल्याचं. तिनं ऐकून घेतलं. कपबशा विसळून हात पुसले आणि गाठोडं घेऊन सरळ दादाच्या कॉटपाशी.

"मामंजी, पुसायचं नाही. घ्यायचं. माझ्या लग्नापासून आत्याबाईंनी मला कुंकू लावलंय, आता का नको?" आत्याबाई म्हणजे तिची सासू, आमची वहिनी, ती तिला तसंच म्हणायची.

दादानं गाठोडं सोडलं. मग सीड्या एकेक करून हातात घेतल्या, प्रत्येकीच्या कुंकवाजवळ अंगठा नेला, टेकवला नाही. एक निवडली. "ही घे. हिरीची."

वै.नं कोमट पाण्याच्या वाटीत बोट बुडवलं, ठिपक्यावर ठेवलं, धरून ठेवलं. घाई नाही. कुंकू मेणासकट हळूहळू सैल होऊन बोटावर आलं. ते तिनं कपाळाला लावलं आणि वाकून दादाच्या पाया पडली. मी शिकलेली माणसं पुष्कळ बघितली. एवढं कुणाला सुचलं नसतं. मला तर कापूसच सुचला होता.

मग तेच बोट तिनं माझ्याकडं केलं. मी सवयीनं मागं सरले. ती बोट तसंच धरून उभी. दादा म्हणाला, "घे की गं. तुझी भावजयच देती हाय."

घेतलं.

मऊ फडक्यानं सीडी कोरडी केली, मधून कडेला, गोल नव्हे. ड्राइव्हमध्ये घातली. फिरली. वाचली! निळी पट्टी सरकायला लागली तसे तिघं जण तिच्याकडंच बघत बसलो, जणू तोच पिक्चर.

दादा म्हणाला, लाव. लावला. नाव आलं, डोंगर आला, एक बाई डोक्यावर घागर घेऊन गाणं म्हणत आली.

"बंद कर."

वै.नं केला. काय झालं मामंजी?

"हिला गाणं म्हणता येतंय," दादा म्हणाला. "माझ्यात ती मुकी व्हती."

बाकीच्या सीड्या त्यानं पुन्हा खाकी कापडात बांधून उशाशी ठेवून घेतल्या. वै. म्हणाली राहू द्या, ते सांगतील तेव्हा.

२१ जाने., मंगळ. माधवनगर

परत आले. एसटीभर वाटत होतं, सगळे कपाळाकडं बघतात. कंडक्टरनं अर्धं तिकीट दिलं, शेजारच्या बाईनं खिडकी मागितली. कुणाला काही नाही.

वै.चा निरोप: मामंजींनी "पोस्टमनचा" लावलाय, वरच्या मजल्यावरचे काका खुर्ची घेऊन आलेत. मामंजी त्यांना म्हणाले, पुढचं सांगायचं न्हाई.

२५ जाने., शनि.

हिरीचा पिक्चर लॅपटॉपवर तसाच आहे. दादाच्या डबीत घालायचा का नाही ते त्यानं सांगितलेलं नाही. मी उघडला नाही. दोनदा हात गेला.

आज सकाळी त्याचाच फोन. पायाचं विचारलं, चालवतात थोडं म्हणाला. कडेगावचा ऊस कारखान्याला गेला का विचारलं, गेला म्हणाला. मग,

"तू बघितलास का त्यो?"

"न्हाई."

"बघ. एकलीच बघ. आन् मला येवढंच सांग, ती शेवटाला वाचती का."

मी विचारलं, तुझ्यात?

"माझ्यात मी रोज वाचवायचो," म्हणाला, आणि वै. औषध घेऊन आली म्हणून फोन ठेवला.

दुपार आहे. दार लोटून घेतलंय, फाइल समोर उघडी आहे. दादाला काय सांगायचं ते बघायच्या आधीच ठरवायला पाहिजे. ठरत नाही.