राधाबाईंकडचे रविवार

१२ जानेवारी, रविवार

पाळक आज उपदेशाच्या मध्येच व्यासपीठावरून खाली उतरले. म्हणाले, आपल्या परळच्या चर्चची घंटा ऐकून येतो ते आपले आपणच. आता आपण बाहेर जायचं. करी रोडच्या नव्या टॉवरमध्ये जुन्या चाळींतली म्हातारी माणसं दिवसभर एकटी असतात. उपासना झाली की त्यांच्याजवळ जाऊन बसायचं. धर्माचा विषय काढायचा नाही — नुसतं बसायचं.

माझ्या वाट्याला राधाबाई आल्या. सोळावा मजला. मला लिफ्टची भीती वाटते, हे सांगायचं राहिलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सोबत काय न्यावं? केक नेला तर नाताळचा उरलेला वाटेल. पेरू नेते.

१९ जानेवारी, रविवार

दार राधाबाईंच्या मुलाने उघडलं. गौतम, बँकेत आहे. चर्चमधून आलेय म्हटल्यावर उंबऱ्यातच थांबला. नीट बोलला, पण स्पष्ट. आजोबांनी धम्म घेतला तो विचार करून. आईला आता दुसरं कोणी काही शिकवायला नको. मी शब्द दिला, नाही शिकवणार.

आतून आवाज आला, "अरे, बाईमाणूस दारात काय उभी? येऊ दे."

खिडकीशी बसलो. खाली सगळं धुरकट, दुधासारखं. त्यातून एका गिरणीची चिमणी तेवढी वर आलेली, तरंगत असल्यासारखी. राधाबाई बोटाने दाखवत होत्या — इथं आमच्या चाळीचा जिना, इथं नळ. मला काही दिसेना. मान हलवत राहिले. मग हळूहळू नळावरचे हंडे-कळश्या वाजायला लागल्यासारखं वाटलं. परत येताना लिफ्ट कधी खाली आली, कळलंच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

बोलणं संपलं तरी उठावंसं वाटत नव्हतं. ऊन लादीवरून सरकत पायाशी आलं. मी माझ्याच नादात गुणगुणत होते — आईच्या तोंडचं एक भजन. भान आलं तशी शब्द गिळून टाकले, नुसती चाल ठेवली. गौतमला दिलेला शब्द!

राधाबाईंनी लगेच ओळखलं. "शब्द का गिळलेत? तुमचे आहेत ना, म्हणा. मी काय विरघळतेय?"

म्हटलं. येशूचं नाव आलं तिथं आवाज थोडा बारीक केला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आता माझं ऐका." आणि भीमाचं गाणं सुरू केलं — खड्या आवाजात, मांडीवर ताल धरून. गौतम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, बाबा गेल्यापासून आई गायली नव्हती.

घरी आले तरी कानात दोन्ही गाणी एकमेकांत मिसळून वाजताहेत. कुठलं कुठे संपतं, सांगता येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज उगाच गुरुवार आहे. रविवार अजून तीन दिवस लांब.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी दौलत उजागरेने विचारलं, या भेटींतून उपासनेला किती जण आले? एकही नाही. दौलत वाईट माणूस नाही. अर्धी मंडळी वसई-कल्याणला गेली, बाकं रिकामी दिसतात, त्याला ते सोसत नाही. म्हणाला, आधी आपली माणसं राखू.

पाळक म्हणाले, येशू लोकांच्या घरी जेवायला बसला तेव्हा हजेरी घेत नव्हता.

मी कमिटीत कधी बोलत नाही. आज उठले. म्हटलं, "राधाबाई रविवारी खिडकी सोडून दाराशी बसतात."

तरीही हात वर झाले. ठराव झाला. भेटी बंद.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासना झाली आणि पाय करी रोडकडेच वळले. भेटी बंद झाल्याचं गौतमला शेजारच्यांकडून कळलं होतं. दार उघडून म्हणाला, "मग आज कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणीच नाही."

तो दारातून बाजूला झाला आणि आत वळून म्हणाला, "आई, तुझी मैत्रीण आलीय."