ठिणग्यांना घाबरणारी आई

बोटीवरून, ३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खलाशी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात आणि पुन्हा ताट पुढे करतात, तेव्हा माझं बरं चाललंय. घरचं मात्र बरं नाही. देवस्थानची माणसं आली होती. आजोबांच्या पापाची फेड म्हणून सातव्या वर्षी तुला तिथं वाहिलं. मोठी झाल्यावर तू पळालीस, म्हणून आता बदल्यात माझी लेक चिमी हवी म्हणतात. आई देवाच्या कोपाच्या भीतीने गप्प बसलीय. बोट एवढ्यात आपल्या किनाऱ्याला लागत नाही. त्या दारात पुन्हा जा म्हणायला जीभ रेटत नाही, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माया आहेच, ती असू दे.

तुझा,
धाकट्या

वर्कशॉप, १९ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

चिमी सुखरूप आहे. आधी हे वाच, मग निवांत बैस.

पत्र आलं तेव्हा बसच्या सांगाड्याला वेल्डिंग करत होते. मशीन बंद केलं. पूर्वी देवस्थानचं नाव निघालं की दिवसभर कोपऱ्यात बसायचे. या वेळी मालकिणीला सांगितलं, तर तीच गाडी काढून निघाली. माझ्यासारख्याच देवस्थानातून सुटलेल्या तिघीही आल्या.

घरी चिमीच्या आईने लेकीला घट्ट धरलं होतं. आपल्या आईलाही सोबत घेऊन आम्ही सगळ्या देवस्थानच्या अंगणात गेलो. तिथं मी राबले, मार खाल्ला, आणि पत्रात लिहवत नाही तेही सोसलं. वाटलं, पुजारी दिसताच मागे फिरेन. पण तो केवढासा म्हातारा निघाला रे. मुलगी मिळणार नाही, पुन्हा घरी आलात तर पोलिसांत जाईन, असं मी बजावलं. त्याने आईला कोपाची भीती घातली.

इतकी वर्षं माझ्याशी नजर न मिळवणारी आई उठली. म्हणाली, "एक दिली, ती चूक झाली. देव कोपलाच तर माझ्यावर कोपू दे. नात देणार नाही."

आणि तिने माझा हात धरला. मग जमलेल्या गावकऱ्यांतला एक बाप आत गेला आणि तिथं वाहिलेल्या, झाडू मारणाऱ्या आपल्या पोरीला कडेवर घेऊन बाहेर आला. मागोमाग दुसरा. दुपारपर्यंत तिथं एकही पोर उरलं नाही.

आई सध्या माझ्याकडे आहे. ठिणग्यांना घाबरते, पण येईल त्याला सांगते, ही माझी मुलगी.

जिवाला जप.

तुझी,
ताई

बोटीवरून, २ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडलो, मग बोटीवर सगळ्यांना गोड खाऊ घातलं. कप्तानाने विचारलं, कसली खुशी? म्हटलं, माझी ताई जिंकली.

असाच जीव लाव.

तुझा,
धाकट्या